नामान, गेहजी आणि औषधाची किंमत



आजारी माणसाला स्वस्त औषध देणे म्हणजे त्याच्यावर कमी प्रेम करणे होय काय? हा प्रश्न वरवर पाहता दुकानदारीचा वाटतो. परंतु ज्यांच्या घरी कर्करोगाचा रोगी आहे त्यांना तो रात्री झोपू देत नाही. पेडणे आणि डिचोली ह्या आमच्या दोन तालुक्यांत प्रार्थनेसाठी फिरताना हा प्रश्न आम्हांला अलीकडे वारंवार ऐकू येतो. तो विचारणारे बहुधा मुलगे व सुना असतात. आणि रोगी पुष्कळदा म्हातारा बाप असतो, कारण प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा उतारवयातल्या पुरुषांचा रोग आहे. त्याची जागा लाजेची, म्हणून त्याविषयी बोलणे उशिरा सुरू होते आणि उपचारही उशिरा.

प्रथम एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. पेडणे तालुक्यातील एक निवृत्त मास्तर आमच्या परिचयाचे होते. रोग हाडांपर्यंत गेला होता. संप्रेरके रोखणारी इंजेक्शने काही काळ उपयोगी पडली, मग पडेनात. तेव्हा डॉक्टरांनी डोसेटॅक्सेल नावाचे केमोथेरपीचे औषध सुरू केले. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक मात्रा. पहिल्या तीन मात्रा मूळ कंपनीच्या औषधाच्या झाल्या आणि घरातली शिल्लक संपली. डॉक्टर म्हणाले, "हेच औषध दुसऱ्या कंपनीचे घेऊ, किंमत पुष्कळ कमी पडेल."

थोरला मुलगा मुंबईला नोकरीला. तो म्हणाला, "बाबांच्या बाबतीत कसर नको. काजूची बाग विकू." धाकटा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "दादा, आमच्या इथल्या गोळ्या अमेरिकेला जातात. तिकडचे लोक त्या जेनेरिक म्हणूनच घेतात." दोघांचा वाद झाला, आणि दोघेही आमच्याकडे आले. एका गोष्टीवर मात्र त्यांचे एकमत होते: बाबांना ह्यातले काही सांगायचे नाही.

ह्या वादात देवाच्या वचनाचा प्रकाश कोठून येतो हे पाहण्यापूर्वी औषधासंबंधी थोडी खरी माहिती करून घेऊ. सत्य ठाऊक नसताना केलेला उपदेश हा वाऱ्यावरचा उपदेश होय.

डोसेटॅक्सेल हे यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या पानांतील द्रव्यापासून प्रथम तयार झाले. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ प्येर पोतिए ह्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले. त्याच्या आधीचे त्याच जातीचे औषध झाडाच्या सालीतून काढीत, आणि साल सोलली की झाड मरे. पाने मात्र पुन्हा फुटतात. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात नदीकाठच्या झाडांची पाने औषधासाठी असतात, त्याची आठवण येथे होते. 2004 साली 1,006 रुग्णांवरील मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मास्तरांसारख्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांना दर तीन आठवड्यांनी हे औषध दिले असता त्या वेळच्या दुसऱ्या उपचाराच्या तुलनेत आयुष्य साधारण अडीच महिन्यांनी वाढले, वेदनाही कमी झाल्या. रोग पसरलेला असला तरी संप्रेरकांच्या उपचाराला दाद देत असतानाच हे औषध जोडले तर लाभ पुष्कळ मोठा, एक वर्षाहून अधिक, असे 2015 साली दुसऱ्या चाचणीने दाखविले. म्हणजे हे औषध खरोखर उपयोगाचे आहे. पण ते मृत्यूला परत पाठवीत नाही. मूळ कंपनीचेही नाही आणि दुसरीचेही नाही.

आता 'जेनेरिक' ह्या शब्दाविषयी. एखाद्या औषधाचे पेटंट संपले, किंवा त्या देशात ते नसले, म्हणजे इतर कंपन्याही तेच औषधी द्रव्य तयार करून विकू शकतात. ते जेनेरिक. आपल्या देशाने 1970 साली पेटंटचा कायदा केला व तो 1972 पासून अमलात आला. त्यात औषधावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे भारतीय कारखाने वाढले. 2005 साली कायदा बदलला व औषधावरही पेटंट मिळू लागले. तरी त्यात गरिबासाठी काही दारे उघडी ठेवली आहेत. 2012 च्या मार्चमध्ये मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील एका औषधासाठी सरकारने हैदराबादच्या कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याला सुमारे 2,80,000 रुपयांचे औषध 8,800 रुपयांवर आले. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड ह्या गोळीच्या पेटंटचा अर्ज आपल्या पेटंट कार्यालयाने 2016 साली फेटाळला. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही दहांपैकी सुमारे नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिक औषधच दिले जाते. म्हणून 'जेनेरिक म्हणजे गरिबाचे दुय्यम औषध' ही समजूत खरी नव्हे. शिवाय आपल्याकडे नामांकित वाटणारी बहुतेक औषधे हीही जेनेरिकच असतात, फक्त प्रत्येक कंपनीने त्यावर आपापले नाव चढविलेले असते.

आता 2 राजे ह्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडा. अरामी राजाचा सेनापती नामान कोडाने पीडित होता. तो बरा व्हायला निघाला तेव्हा दहा किक्कार रुपे, सहा हजार सोन्याची नाणी आणि दहा पोशाख बरोबर घेऊन निघाला. म्हणजे उपचार महाग असणार हे त्याने घरूनच ठरविले होते. अलीशाने त्याला भेटही दिली नाही. यार्देनेत सात वेळा स्नान करायला सांगितले. नामान संतापला. त्याच्या देशातल्या अबाना व परपर ह्या नद्या त्याला अधिक मोठ्या वाटल्या. त्याची हरकत पाण्याला नव्हती, नावाला होती. औषध आपल्या प्रतिष्ठेला शोभेल असे असावे, ही त्याची मागणी होती.

आमच्यातही हा नामान आहे. आपल्या माणसाला महागडे औषध चालू आहे हे सांगताना आपला आवाज थोडा चढतो, आणि स्वस्त औषध चालू आहे हे सांगताना उतरतो. थोरल्या मुलाला आम्ही विचारले, "बाग विकायची ती बाबांसाठी, की उद्या लोक बोलतील म्हणून?" तो बराच वेळ गप्प राहिला. त्याचे प्रेम खोटे होते असे नव्हे. पण प्रेमात लोकलज्जा मिसळली की दोन्ही वेगळी करणे कठीण जाते, आणि किंमत तेवढी लोकलज्जेची द्यावी लागते.

कोणी म्हणेल, बेथानीतील त्या स्त्रीने तीनशे दीनारांचे सुगंधी तेल एका क्षणात ओतले आणि प्रभूने तिची वाखाणणी केली. मग प्रेमाने हिशेब का करावा? हा आक्षेप वजनाचा आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. तिने ओतले ते तिचे स्वतःचे होते. दुसऱ्या कोणाची भाकर विकून ते आणलेले नव्हते. आणि ते तिने कोणाचे तोंड बंद करण्यासाठी ओतले नाही. उलट, जमलेल्या लोकांची निंदा पत्करून ओतले. ज्याच्याजवळ आहे त्याने आपल्या बापासाठी महागडे औषध आणावे. त्यात पाप नाही. पण आईच्या म्हातारपणाची तरतूद मोडून आणावे काय, हा निराळा प्रश्न आहे.

परंतु वाचकहो, त्याच घरात काटकसरीचा उपदेश करणारा कोण होता हे विसरू नका. तो यहूदा होता, आणि पैशाची थैली त्याच्याकडे होती. म्हणून जो कोणी म्हणतो, 'स्वस्तातले घ्या', त्यानेही आपले अंतःकरण तपासले पाहिजे. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूने 'कुर्बान' म्हणणाऱ्यांना दोष दिला. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले असे सांगून ते मोकळे होत. आजचा कुर्बान थोडा निराळा आहे. 'जेनेरिक तितकेच चांगले असते' हे वाक्य खरे असूनही ते आपली पेटी बंद ठेवण्यासाठी उच्चारता येते. ज्याने मुलाच्या लग्नात मांडवावर लाखो रुपये उधळले आणि बापाच्या सलाईनच्या वेळी स्वस्ताईचे गुण गायिले, त्याने हा अध्याय गुडघे टेकून वाचावा. खरे वाक्यसुद्धा खोट्या हेतूने बोलता येते.

आणि ते वाक्य नेहमी पूर्ण खरे असते काय? येथे डोळे झाकून चालणार नाही. अनुवादाच्या पुस्तकात, पिशवीत दोन प्रकारची वजने ठेवणे देवाला वीट आणते असे शिकविले आहे. औषधाच्या कारखान्यातही वजने असतात. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, हे आमच्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. डोसेटॅक्सेलविषयीच बोलायचे तर 2008 साली वेगवेगळ्या देशांतील 31 जेनेरिक नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाली. त्यांतील बहुतेकांत औषध कमी भरले किंवा अशुद्ध द्रव्ये अधिक आढळली. ह्या तपासणीचा खर्च मूळ कंपनीने केला होता, आणि ती रोग्यांवरची नव्हे, कुप्यांतल्या द्रवाची तपासणी होती, हे लक्षात ठेवावे. तरी ती कानाआड टाकण्यासारखीही नाही.

आणखी एक गोष्ट. डोसेटॅक्सेल पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून त्यात मद्यार्क व इतर द्रावक घालतात. ते प्रत्येक कंपनीचे सारखे नसतात. एका कुपीत एक मिलिलीटरला 10 मिलिग्रॅम तर दुसरीत 20 मिलिग्रॅम असू शकते. परिचारिकेने आधीच्या सवयीने मोजले तर घात होईल. 2014 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा इशारा दिला की काही डोसेटॅक्सेलमधील मद्यार्कामुळे रोग्याला मद्य प्यायल्यासारखी गुंगी येऊ शकते. ज्या रोग्याने आयुष्यभर मद्य वर्ज्य केले त्याला व ज्याला यकृताचा विकार आहे त्याला हे आधी सांगितले पाहिजे; आणि मात्रा घेऊन बांबोळीहून स्कूटर चालवीत घरी परतू नये. म्हणजे औषधी द्रव्य तेच, तरी औषध बदलताना डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

मग नामांकित नाव घेतले की धोका टळला काय? तेही नाही. 2024 च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. ती कर्करोगाच्या महागड्या, नामवंत औषधांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यांत दुसरेच काही भरून विकीत असे. खोटे नाणे पाडणारा तांब्याचे पाडीत नाही, सोन्याचे पाडतो. मोठे नाव हे ढालही असते आणि आमिषही असते.

आता गेहजीकडे या. नामान शुद्ध झाला आणि अलीशाने त्याच्याकडून काहीही घेतले नाही. परंतु सेवक गेहजी मागून धावत गेला आणि खोटे बोलून दोन किक्कार रुपे व दोन पोशाख घेऊन आला. देवाने जे फुकट दिले त्यावर मधल्या माणसाने आपला भाव लावला. आपल्या शब्बाथशाळांत नामानाची गोष्ट सात बुडक्यांवर संपवितात. शिक्षकबंधुभगिनींनो, ती तेथे संपवू नका; गेहजीपर्यंत शिकवा. जेनेरिक औषधावर छापलेली किंमत आणि दुकानदाराला ते पडलेली किंमत ह्यांत कधी कधी एवढे अंतर असते की स्वस्त औषधाची स्वस्ताई रोग्यापर्यंत पोचतच नाही. 2019 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने कर्करोगावरील 42 औषधांच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्क्यांची मर्यादा घातली, ती ह्याच कारणाने. आपल्या मंडळ्यांत औषधाची दुकाने चालविणारे, कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून फिरणारे, कारखान्यांत वजनकाट्यापाशी उभे राहणारे पुष्कळ तरुण आहेत. तुये, डिचोली, कोलवाळे, वेर्णा येथे पाळीवर जाणाऱ्या मुलामुलींनो, तुमची नोंदवही ही तुमची साक्ष आहे. ज्या मोजमापाची नोंद तुम्ही न मोजता लिहाल ते कोणाच्या तरी बापाच्या शिरेत जाईल.

आता त्या मास्तरांच्या घराकडे वळू. आम्ही दोघा मुलांना एवढेच सांगितले की निर्णय कोणताही घ्या, पण बाबांना न सांगता घेऊ नका. औषध त्यांच्या शरीरात जाणार आहे. त्यांच्यापासून त्याचे नाव लपविणे हा आदर नव्हे. नामानाच्या घरी सत्य एका लहान दासीने सांगितले आणि पुढे त्याच्या चाकरांनी सांगितले. मोठी माणसे त्याला जे ऐकायचे तेच ऐकवीत असती.

मुलांनी सांगितले. मास्तरांनी सर्व ऐकून घेतले आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला लावल्या: हे औषध कोणत्या कंपनीचे, तुम्ही ते इतरांना दिले आहे काय, आणि त्यात काही निराळे दिसले तर परत मागे येता येईल काय. मग थोरल्याला म्हणाले, "बाग माझी नाही रे. ती तुझ्या आईच्या म्हातारपणाची आहे. ती विकून मला चार दिवस आणलेस, तर ते दिवस मला गोड लागतील का?" औषध बदलले. पुढच्या मात्रा त्याच औषधाच्या झाल्या.

मास्तर आता आपल्यात नाहीत. काही महिन्यांनी ते प्रभूकडे गेले. बाग आहे, आणि त्यांची पत्नी तिच्यावर जगते. थोरला मुलगा अजून अधूनमधून विचारतो, "पहिलेच औषध ठेवले असते तर?" त्याला खोटे समाधान देण्याचा अधिकार आम्हांला नाही. औषध बदलल्यामुळे बाबा गेले असे म्हणायला आधार नाही, आणि न बदलते तर किती दिवस मिळाले असते हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही त्याला असे म्हणतो: मनुष्याने घेतलेला निर्णय त्याच्या शेवटावरून तोलायचा नसतो, कारण शेवट मनुष्याच्या हाती नसतो. तो तोलायचा तीन गोष्टींवरून. तू सत्य शोधलेस काय? रोग्याला सत्य सांगितलेस काय? आपल्या स्वार्थासाठी किंवा मानासाठी काही निवडलेस काय? ह्या तिन्हींची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याने उरलेले ओझे देवापुढे ठेवावे. ते उचलायला तो समर्थ आहे.

ह्यावरून वाचकांनी काही व्यावहारिक गोष्टी मनाशी धराव्या. औषध स्वतःहून किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून कधीही बदलू नये. डॉक्टरांना विचारूनच बदलावे. बदलल्यावर कंपनीचे नाव, औषधाचे प्रमाण व तुकडीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. पक्के बिल घ्यावे. औषध घरून न्यावयाचे असेल तर ते कोणत्या तापमानात ठेवायचे हे विचारावे, कारण तेही कंपनीगणिक बदलते. रिकामी कुपी कोणाच्या हाती न देता रुग्णालयात आपल्यासमोर नष्ट करवून घ्यावी. मात्रेनंतर ताप आला तर ते बदललेल्या औषधाच्या माथी मारून घरी बसू नये. मूळ औषधानेही रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि तो ताप तातडीने रुग्णालयात नेण्याजोगा असतो. गोळ्यांच्या बाबतीत, काही प्रकारच्या जेनेरिक गोळ्या मूळ औषधाइतक्याच रक्तात उतरतात हे सिद्ध करणे 2017 पासून आपल्या देशात बंधनकारक झाले आहे. तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मंडळीचेही एक कर्तव्य आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि तेथेच न थांबता उतारशाळेच्या धन्याजवळ दोन दीनार ठेवले. त्याने औषधाची निवडही केली आणि खर्चही उचलला. आमची दोन तालुके ही सीमेवरची. सीमेपलीकडचे सावंतवाडी-दोडामार्गचे रोगीही बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचीच वाट धरतात. 2018 साली गोव्याबाहेरच्या रोग्यांना तेथे शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोकांनी आंदोलन केले होते. खाणी 2012 व पुन्हा 2018 साली बंद पडल्या तेव्हा डिचोलीच्या कित्येक घरांचे ट्रक अंगणात उभे राहिले. अशा घरात कर्करोग आला म्हणजे काय होते हे आम्ही पाहिले आहे. अशा कुटुंबाबरोबर मंडळीतील एकाने रुग्णालयात जावे, सरकारी योजनेचे कागद भरून द्यावे, डॉक्टरांना प्रश्न विचारायला धीर द्यावा. प्रार्थना तर करावीच. पण म्हापशाच्या स्थानकावर पहाटेच्या बसला सोबत उभे राहणे हीही प्रार्थनाच होय.

यहिज्कीया राजा मरणास टेकला असता देवाने त्याच्या प्रार्थनेचे उत्तर दिले, आणि यशयाने गळवावर काय लावायला सांगितले? अंजिरांची चांदकी. राजाला बाजारात मिळणारे अंजीर पुरले. आमच्या देवाला स्वस्त वस्तूंची लाज वाटत नाही. त्याला वीट येतो तो खोट्या वजनाचा, लपविलेल्या सत्याचा आणि म्हाताऱ्या बापाच्या उशाशी बसून केलेल्या दिखाव्याचा. ह्या तिन्हींपासून प्रभू आपली घरे राखो, आणि औषध करणाऱ्यांचे हात, ते देणाऱ्यांची मने व ते घेणाऱ्यांचे दिवस आपल्या कृपेने भरो.